वीज समुद्रात पडली की मैलोनमैल मासे मरतात?

ढग गडगडायला लागले की एक संदेश हमखास फिरू लागतो. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्यामुळे समुद्रावर वीज पडली की मैलोनमैल मासे मरतात, ती तळापर्यंत जाते, पाणी उकळतं आणि जमिनीपेक्षा समुद्रावरच जास्त विजा पडतात, असं त्यात म्हटलेलं असतं. खारं पाणी उत्तम वाहक आहे, हे अगदी खरं. बाकीचा डोलारा मात्र त्याच गोष्टीमुळे कोसळतो.

आधी मासे. साधारण विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअरच्या घरात असतो. पाण्यात शिरताच तो चहूकडे पांगतो. अर्धगोलात पसरतो असं धरून हिशेब केला, तर १० मीटरवर दर चौरस मीटरला ४८ अँपिअर उरतात, १०० मीटरवर अर्धा अँपिअरसुद्धा नाही. शिवाय बहुतेक माशांच्या शरीरातले द्रव समुद्रापेक्षा कमी खारे असतात, त्यामुळे प्रवाहाला माशातून जाण्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या पाण्यातून जाणं सोपं पडतं. गोड्या पाण्यात नेमकं उलट घडतं. तिथे पाण्यापेक्षा मासाच चांगला वाहक! म्हणूनच झटका देऊन मासे गुंगवायची आणि मोजायची संशोधकांची पद्धत नद्या-तळ्यांत चालते, समुद्रात फारशी नाही. वीज पडते तिथेच, पृष्ठभागालगत असलेले मासे मरू शकतात. पण मैलोनमैल? नाही.

तळाचं म्हणाल, तर विजेसारखा झपाट्यानं बदलणारा प्रवाह चांगल्या वाहकात खोल शिरतच नाही. १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा हजार वेळा हेलकावणाऱ्या लहरीची ताकद समुद्राच्या पाण्यात अडीच मीटरवरच जवळपास ३७ टक्क्यांवर येते. बुडालेल्या पाणबुडीशी रेडिओवर बोलणं अवघड जातं ते याचमुळे. समुद्राची सरासरी खोली आहे सुमारे ३,७०० मीटर.

उकळण्याबद्दल फार बोलायला नको. विजेची बहुतेक ऊर्जा वाटेतली हवा तापवण्यात आणि गडगडाटात खर्च होते.

'खारं पाणी वीज खेचतं' हा दावा सगळ्यात कच्चा. उपग्रहांच्या नोंदींनुसार समुद्रापेक्षा जमिनीवर कितीतरी जास्त विजा चमकतात, ढोबळमानानं दसपट. ऊन खाऊन जमीन चटकन तापते, हवा जोरात वर उसळते आणि विजेचे ढग तयार होतात. समुद्रावर तो जोर नसतो. जगात विजा सर्वाधिक कुठे, तर व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवरावर. पण त्याचं श्रेय भोवतालच्या डोंगरांना आणि रात्रीच्या वाऱ्यांना. समुद्रावरही जिथे विजा वाढलेल्या दिसतात, तिथे कारण मिठाचं नसतं. हिंदी महासागर आणि दक्षिण चिनी समुद्रातल्या गजबजलेल्या जहाजमार्गांवर आजूबाजूपेक्षा जवळपास दुप्पट विजा पडतात, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. संशोधकांनी बोट ठेवलं ते जहाजांच्या धुरातल्या कणांवर.

आता कोणी म्हणेल, मासे वाचतात तर आपण पोहायला काय हरकत? हरकत आहे, आणि मोठी आहे. मासा खाली असतो. पोहणारा माणूस मात्र, प्रवाह सर्वाधिक असतो त्याच थरात, वर डोकं काढून. पाणबुड्यालाही कधीतरी वर यावंच लागतं. उघड्या होडीत तर माणूसच आसपासची सर्वांत उंच वस्तू ठरतो. शिडाच्या बोटीत डोलकाठीपासून पाण्यापर्यंत जाड तारेची वाट करून दिलेली नसेल, तर वीज आपली वाट स्वतः काढते, कधीकधी बोटीच्या बुडाला भोक पाडून.