स्पोर्ट बाईकवर टूर म्हणजे पाठीची वाट? एका कमेंटला उत्तर

नमस्कार दादा,

कमेंट सगळी वाचली, दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की सोलापुरात राहणाऱ्या आणि एकट्यानं लांब फिरणाऱ्या माणसानं फेअरिंगवाली बाईक (पुढं काच आणि बाजूनं प्लास्टिकचं कवच असलेली) घ्यायला काही हरकत नाही, फक्त कुठली ते नीट बघून घ्यावी. त्यावर दादांचं म्हणणं असं की टूरिंग म्हणजे बुलेट नाहीतर हिमालयन, स्पोर्ट बाईक हा सोलापूरच्या सात रस्ता चौकात चकरा मारणाऱ्या पोरांचा नाद, त्यांचा भाचा तसल्या दीडशे सीसीच्या बाईकवर पुण्याला जाऊन आला तर दुसऱ्या दिवशी त्याला मान वळवता येईना, आणि मी कंपन्यांची जाहिरात करतोय.

जाहिरातीचं आधी संपवतो. कुठल्या शोरूमनं मला अजून साधा चहा पाजलेला नाही, उलट टेस्ट राईड मागितली की तोंड वाकडं करतात.

आता पाठीचं. तुम्ही ‘स्पोर्ट बाईक’ म्हणून सगळ्या एकाच पोत्यात भरताय, तिथंच माझं तुमचं जमत नाही बघा. बाईक आरामाची आहे का नाही हे ती कुठल्या गटातली आहे त्यावर नसतं, तुमचं वजन कुठं पडतं त्यावर असतं. हँडल, सीट आणि फूटरेस्ट, या तीन जागा एकमेकींपासून किती लांब आणि किती वर-खाली एवढाच खेळ. सगळ्यात सोपं उदाहरण रॉयल एनफिल्डचंच घ्या, तुमच्या आवडीचं. 2018 ला इंटरसेप्टर आणि काँटिनेंटल जीटी बरोबरच आल्या, दोन्हीला तेच 648 सीसीचं इंजिन. पण एकीला रुंद उंच हँडल, दुसरीला खाली क्लिप-ऑन (पुढच्या फोर्कच्या दोन नळ्यांना वेगवेगळे बसवलेले हँडलचे तुकडे) आणि मागं सरकवलेले फूटरेस्ट. जीटीला फेअरिंग नाही, दिसायला जुन्या वळणाची, तरी मनगटावर जास्त भार तिच्यावरच येतो. आणि कावासाकीची निन्जा 300 बघा, दिसायला पक्की रेसवाली, पण हँडल वर उचललेलं, सीट फक्त 780 मिलीमीटर, पाय व्यवस्थित टेकतात. नुसत्या दिसण्यावरून ठरवलं असतं तर उलटंच उत्तर आलं असतं की ओ.

दुसरं वाऱ्याचं, आणि हे आपल्या भागात कुणी मोजतच नाही. आपले रस्ते कसले आहेत ते बघा, पुण्याला अडीचशे किमी, हैदराबादला तीनशे, जवळजवळ सगळं सरळ, दोन्ही बाजूला माळ, आडोसा म्हणून झाड नाही. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ऐंशीच्या जागी शंभरनं गेलात तर रेटा दीडपटीहून जास्त. ताठ बसलेल्या माणसाची छाती तो सगळा अंगावर घेते, मग माणूस हँडल धरून स्वतःला पुढं ओढत बसतो आणि उमरगा येईपर्यंत खांदे भरून येतात. आता तोच माणूस थोडा पुढं झुकलेला असला आणि पुढं काच असली तर वारा डोक्यावरून जातो, आणि जो काही छातीला लागतो तो उलट मनगटावरचं वजन उचलून धरतो. म्हणून स्पोर्ट बाईक गावात त्रास देते आणि हायवेला सुखाची वाटते. शोरूमच्या दारात दोन मिनिटं बसून “लई वाकावं लागतंय” म्हणणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण तिथं वाराच नसतो.

थोडं पुढं झुकणं आणि पार टाकीवर आडवं होणं यात फरक आहे, हे मान्यच. भाच्याची मान त्यामुळंच धरली असणार. लहान स्पोर्ट बाईकच्या बऱ्याच मॉडेलला क्लिप-ऑन फोर्कच्या वरच्या प्लेटच्या खाली बसवलेले असतात, मग डोकं वर करून रस्ता बघायला मान सतत मागं मोडावी लागते. त्यात नवीन पोरं सगळं वजन हातावर टाकतात. तळहाताच्या बुडाशी नस दबते आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, ही खूण. उपाय साधा आहे पण सवय लागते: गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, कोपर ढिलं ठेवायचं, आणि वजन पोटा-पाठीच्या स्नायूंवर घ्यायचं. हँडल हे वळवायला आहे, लोंबकळायला नाही.

इंजिनचंही बघायला पाहिजे. लहान सिंगल सिलेंडर शंभरच्या पुढं सतत पळवली की ती ओरडत असते आणि हँडल, फूटरेस्ट, सीट सगळीकडनं मुंग्या येतात. बॅलन्सर, म्हणजे इंजिनची थरथर कमी करणारा भाग, असला तरी काही आरपीएमला जाणवतंच. ट्विन सिलेंडर तिथं निवांत चालते. बजेट नसेल तर अडीचशे-तीनशेची सिंगल घ्या आणि नव्वदनं चाला. जिक्सर एसएफ 250 किंवा अपाची आरआर 310 त्या हिशोबानं वाईट नाहीत, बसायचा प्रकार दोन्हीचा रेसवाला नाही. डॉमिनार 400 तर जवळपास ताठच बसवते, तिला स्पोर्ट म्हणायचं का नाही यावर भांडायला माझ्याकडं वेळ नाही.

टाकीवरून तुम्ही टोमणा मारलाय की असल्या बाईकला अकरा लिटर पेट्रोल बसतं. काहींना बसतं, यामाहाच्या आर-फिफ्टीनला आणि आरआर 310 ला तेवढंच आहे. पण निन्जा 300 ला सतरा लिटर बसतं, पंचवीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी हैदराबाद गाठून वर शिल्लक. आणि तसंही दर शंभर-सव्वाशेला माणसानं खाली उतरलंच पाहिजे, टाकी भरलेली असो का नसो.

तुमच्या काही गोष्टींवर वाद नाही, त्या पोस्टमध्येही होत्या. बायको किंवा मित्र कायम मागं बसणार असेल तर असली बाईक घेऊच नका, मागची सीट म्हणजे नुसता उंचावरचा पाट. बार्शी-करमाळ्याकडच्या आतल्या रस्त्यांनी, गतिरोधक आणि खड्डे झेलत जायचं असेल तर हिमालयनच. आणि एप्रिल-मेला आपल्याकडं पारा 42 च्या वर जातो तेव्हा सिग्नलला रेडिएटरचा फॅन मांडीवर गरम हवा सोडतो, फेअरिंगवाल्याला तो भोग आहेच, पहाटे पाचला निघावं. पाचला म्हणजे उजेडाआधी, त्यात ऊसाचा सीझन असला तर जोड ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरचा मागचा लाईट असेल याची खात्री धरू नका, तिथं कुठलीच बाईक आरामाची नाही.

अजून एक, बरेच जण हँडल उंच करायला रायझर लावतात. लावा, पण हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा पाईप ताणला जातोय का ते बघूनच. सीटवर जाड मऊ फोम घालून घेतात ते मात्र करू नका, पहिला तासभर छान वाटतं मग फोम दबतो आणि खालची पाटी टोचायला लागते. जरा घट्ट सीटच लांबला बरी.

आता भाच्याचं. त्याच्या पाठीवर सॅक होती का हे विचारा. लॅपटॉप, कपडे, आणि आईनं बांधून दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी असं सगळं खांद्यावर घेऊन झुकून बसला असेल तर अडीचशे किमीला बुलेटवरही मान धरली असती. सगळं सामान मागच्या सीटवर टेल बॅगमध्ये बांधायचं, अंगावर काही नाही. बाईक विकायच्या आधी हे एकदा करून बघू दे. तरी जमलं नाही तर येत्या रविवारी त्याला घेऊन सकाळी हैदराबाद रोडला या, नळदुर्गपर्यंत तो माझी चालवेल आणि मी त्याची. तुम्ही तुमची बुलेट आणाच, येताना अदलाबदल करू. नाष्टा तुमच्याकडं.