व्यवसाय : अन्य

फोंड्याच्या एका पतसंस्थेत माझ्या नावापुढे आता ‘कॉम्प्युटर रिपेअर’ हा व्यवसाय नोंदला गेला आहे. मी आजवर कुणाचाही कॉम्प्युटर दुरुस्त केलेला नाही. माझ्याच लॅपटॉपचा चार्जर एका विशिष्ट कोनात वाकवून त्यावर उशी ठेवल्याखेरीज चालत नाही. गेलो होतो केवायसी नव्याने करण्यासाठी. वेर्ण्याच्या औषध कारखान्यातली नोकरी सोडली, घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकलो आणि आता त्याच कामावर पोट भरतो, एवढेच काउंटरवरच्या बाईंना सांगायचे होते. त्यांनी कंपनीचे नाव विचारले, मी ‘कंपनी नाही’ म्हणालो. त्यांनी डिग्री विचारली, मी ‘बीकॉम’ म्हणालो. आणि त्यांनी पेन खाली ठेवले.

माझ्या मागे एक पेटीमास्तर उभे होते. हे त्यांनीच सांगितले, तेही कुणी न विचारता. गावच्या जत्रेतल्या नाटकांना त्यांनी आयुष्यभर पेटीची साथ केली होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक, गालात विडा आणि चेहऱ्यावर समोरचा गायक बेसूर आहे हे आधीच कळल्याचा भाव.

‘कुणाकडे शिकलास, पुता?’

‘कुणाकडे नाही, मास्तर. स्वतःच शिकलो. इंटरनेटवर हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० नावाचा अभ्यासक्रम फुकट पाहायला मिळतो, तिथून सुरुवात केली.’

‘फुकट?’ मास्तरांनी हा शब्द रांगेतल्या प्रत्येकाला पोचेल इतक्या वरच्या पट्टीत उच्चारला. ‘आमच्या केसरबाई केरीच्या. आवाज देवानेच दिलेला. तरी अल्लादिया खाँसाहेबांपुढे वर्षानुवर्षे बसल्या, तेव्हा कुठे १९७७ साली अमेरिकेने त्यांचे गाणे यानात घालून आकाशात धाडले. तुझे काय धाडणार?’

केसरबाई केरकरांचे गाणे व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत आहे, हे खरेच आहे आणि गोव्यात जन्मलेल्या कुणालाही त्याचा अभिमान वाटावा, हेही खरेच आहे. परंतु त्यांपैकी एक यान २०२३च्या अखेरीस निरर्थक बडबड पाठवू लागले, तेव्हा ते ताळ्यावर आणायला गवई धावून आले नव्हते. त्याची एक चिप निकामी झाली होती आणि पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी प्रोग्रॅमचे तुकडे करून ते स्मृतीत दुसरीकडे हलवले, तेव्हा पुढच्या वर्षी यान पुन्हा शहाण्यासारखे बोलू लागले. हा मुद्दा मी मोठ्या उत्साहाने मांडायला घेतला, पण तोवर मास्तरांनी डोळे मिटून खाँसाहेबांच्या एका तानेचे प्रात्यक्षिक सुरू केले होते आणि काउंटरवरच्या बाईसुद्धा मान डोलावत होत्या.

तान संपल्यावर त्यांनी विचारले, ‘मग ही तुझी विद्या शिकायला किती वर्षे लागतात?’

आता खरे तर ‘अजून शिकतोच आहे’ असे नम्र उत्तर देऊन सुटता आले असते. परंतु खाँसाहेबांनी मला डिवचले होते. मी म्हणालो, ‘मास्तर, मी ज्या भाषेत काम करतो ती जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने १९९५ साली दहा दिवसांत तयार केली.’

‘दहा दिवसांत? आमची चवथ अकरा दिवस चालते!’

रांग हसली. मास्तर पुढे सरसावले. ‘मग तिचा भरवसा काय?’

हा प्रश्न मर्मावर लागला, कारण भरवशाच्या बाबतीत त्या भाषेची बाजू लंगडीच आहे. मी सांगितले की, या भाषेत अवतरणचिन्हांत लिहिलेल्या पाचामध्ये तीन मिळवले तर उत्तर ‘५३’ येते, पण त्याच पाचातून तीन वजा केले तर मात्र बरोबर दोन उरतात. यामागे कारण आहे, अवतरणचिन्हांतल्या आकड्यापुढे अधिक चिन्ह दिसले की ती बेरीज न करता आकडे शेजारीशेजारी चिकटवते. कारणापर्यंत कुणी पोचलेच नाही. रांगेतल्या एका आजीबाईंनी पदरातून नोटा काढल्या आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाल्या, ‘बाय, माझे पैसे त्याच भाषेत भर गो.’ एका गृहस्थांनी मात्र आपले पासबुक छातीशी धरून ‘इथेसुद्धा तीच भाषा चालते काय?’ असे विचारले आणि मग आत व्यवस्थापकांच्या केबिनमधून कुणीतरी मान बाहेर काढली.

हसू मलाही आले, नाही असे नाही. पण कारखान्यात असताना हे प्रश्न मला कुणी का विचारले नाहीत? गोळ्या पाकिटांत बंद करणारे ब्लिस्टर मशीन कसे चालवायचे हे मला एका ऑपरेटरने चहाच्या सुट्टीत शिकवले आणि त्याला आणखी कुणीतरी तसेच शिकवले असणार. तरी सकाळी तिठ्यावर कंपनीची बस मला न्यायला यायची, म्हणून मी कामाचा माणूस होतो. बस बंद झाली त्या दिवसापासून शेजाऱ्यांनी आईला हलक्या आवाजात ‘आमदारांना भेटून पाहा’ असे सुचवायला सुरुवात केली. नोकऱ्यांच्या जाहिराती तर त्याहून बिलंदर असतात : फ्रेशर पाहिजे, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. अशाच एका कंपनीचा ऑनलाइन अर्ज अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव भरल्यावाचून पुढे सरकत नव्हता. मी त्या रकान्यात नुसती एक मोकळी जागा टाइप केली आणि तो निमूटपणे पुढे सरकला. तो अर्ज ज्याने लिहिला त्याच्यापाशी डिग्री होती, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

एवढ्यात बाईंचा धीर संपला. त्यांच्या कॉम्प्युटरच्या यादीत सरकारी नोकरी, खाजगी नोकरी, व्यापार, शेती, गृहिणी, निवृत्त आणि अन्य एवढेच पर्याय होते. त्यांनी ‘अन्य’ निवडले, त्यापुढे तपशिलाचा रकाना उघडला आणि काय लिहावे असे त्यांनी माझ्याऐवजी मास्तरांना विचारले. मास्तरांनी विडा दुसऱ्या गालात सरकवून निवाडा दिला : ‘कॉम्प्युटर रिपेअर घाला. माणूस बरा दिसतो.’

ही नोंद बदलायची असेल, तर लेटरहेडवर सही-शिक्क्यासह व्यवसायाचा दाखला आणावा लागेल. तो दाखला मीच मला दिला तरी चालेल, असा खुलासा बाईंनी केला. शिक्का मात्र हवा. मी तडक बाजारात शिक्केवाल्याकडे गेलो. त्याने गुरू विचारला नाही, डिग्री विचारली नाही, किती वर्षे शिकलो तेही विचारले नाही. गोल पाहिजे की चौकोनी, एवढेच विचारले. आणि गोल शिक्क्याचे जास्त पडतील म्हणाला.