ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे तक्रार झाली असं नाही

आमच्या एरियाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला गार्डनचा एक तरी फोटो येतोच. तुटलेलं बाकडं, जॉगिंग ट्रॅकवर उचकटलेले पेव्हर ब्लॉक, बंद दिवा. खाली सगळे चिडतात, कोणीतरी लिहितं की टॅक्स कशाला भरतो आपण, आणि सकाळपर्यंत तो फोटो गुड मॉर्निंगच्या मेसेजखाली गाडला जातो. तक्रार कोणी केलीच नाही. म्हणून मनापासून विनंती आहे, आधी तक्रार नोंदवा आणि मग ग्रुपवर फोटोसोबत तक्रारीचा नंबर टाका, म्हणजे बाकीच्यांनाही पाठपुरावा करता येईल.

मार्च 2024 मध्ये आपल्या मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात काय झालं ते आठवतंय ना? दोन सख्खे भाऊ, एक चार वर्षांचा, एक पाच, गार्डनमधल्या पाण्याच्या टाकीत पडून दगावले. टाकीच्या तोंडावर धड झाकण नव्हतं, प्लास्टिक टाकलेलं होतं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. मी आई आहे, ती बातमी माझ्या डोक्यातून जात नाही, तेव्हापासून कुठल्याही गार्डनमध्ये गेले की माझी नजर आधी टाकीच्या झाकणावर जाते. झाकण नसणं ही लपून राहणारी गोष्ट नाही हो, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसते, फक्त प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल.

आमच्याकडचंच सांगते. लहान मुलांचा झोपाळा. साखळी रंगवून चकाचक केलेली, पण ती वरच्या पाईपला जिथे अडकवतात तिथला हूक घासून घासून अर्धा झाला होता, मान वर करून बघितल्याशिवाय दिसायचा नाही. माळीमामांना दाखवला तर म्हणाले, "ताई, मला माहितीये, मी सुपरवायझरला दोनदा बोललो, पण माझं कोण ऐकतंय, तुम्ही लेखी द्या." हे नीट समजून घ्या. बऱ्याच गार्डनचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टवर असतं, माळी आणि वॉचमन कॉन्ट्रॅक्टरची माणसं असतात, ती आपल्याच मालकाविरुद्ध किती बोलणार? त्यांच्यावर ओरडून काहीही होत नाही, उलट कुठे काय मोडलंय ते सगळ्यात आधी त्यांनाच माहीत असतं, त्यांना विचारा आणि कागदावर तुम्ही आणा.

मी तक्रार केली, थोड्या दिवसांनी "निवारण झाले" असा मेसेज आला, जाऊन बघते तर हूक तोच. परत तक्रार टाकली, यावेळी हुकाचा अगदी जवळून काढलेला फोटो, जुना नंबर, आणि एकच वाक्य की हा तुटला तर मूल डोक्यावर पडेल. मग बदलला. "निवारण झाले" आल्यावर जाऊन बघायलाच हवं, बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

आणि लिहिताना "गार्डनची अवस्था दयनीय आहे" असं मोघम लिहू नका, त्यावर कोणी काय करणार? मागच्या गेटकडून दुसरा झोपाळा, डावीकडचा हूक, असं लिहा. एका तक्रारीत एकच गोष्ट, कारण झाड उद्यान खात्याकडे, पाण्याची गळती जल खात्याकडे, सगळं एकत्र कोंबलं की तक्रार ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसते. मुंबई महापालिकेच्या बागेसाठी हेल्पलाइन 1916. गेटबाहेरच्या रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर तक्रार वीज कंपनीकडे, म्हणजे शहरात बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी, भांडुप मुलुंडला महावितरण, आणि खांबावर रंगवलेला नंबर आठवणीने लिहून घ्या, तो दिला की माणूस बरोब्बर तिथे येतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या वाटा वनखात्याच्या, तिथे हेल्पलाइन 1926. पार्कच्या कडेला राहणाऱ्यांनी कचऱ्याची तक्रारसुद्धा सेफ्टीची म्हणूनच करावी, कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

झाडांचं तर पाऊस सुरू व्हायच्या आधीच सांगायला हवं. जुलै 2017 मध्ये चेंबूरला फिरायला निघालेल्या एका बाईंवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. खोड पोकळ वाटतंय, बुंध्याशी सिमेंट घट्ट आवळलंय, एका बाजूची मुळं उघडी पडलीत, हे मे महिन्यातच कळवा. पण "झाड तोडा" असं लिहू नका प्लीज, "तपासा" असं लिहा, तोडायचं की फांद्या छाटायच्या ते बघायला तिथे माणसं आहेत.

अजून एक गोष्ट मला फार खटकते. मोडलेल्या झोपाळ्याच्या तक्रारीत लोक "बाहेरची पोरं येतात, गोंधळ घालतात" हे हळूच घुसवतात. मग होतं काय, झोपाळा तसाच राहतो आणि गेटला कुलूप लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना पळायला दुसरी जागा कुठे आहे ह्या शहरात? तक्रार वस्तूची करा, माणसांची नको.

सगळं करूनही हलत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांत अर्ज होतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. गार्डनच्या मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टची कॉपी मागा. त्यात काय काम किती वेळाने करायचं आणि नाही केलं तर दंड किती, हे कळलं की पुढच्या तक्रारीत सरळ ते कलमच टाकता येतं. मी आमच्या गार्डनसाठी अर्ज लिहून ठेवलाय, ज्यांना हवाय त्यांनी मेसेज करा, गार्डनचं नाव बदलून वापरा. आणि रविवारी सकाळी सात वाजता मी मागच्या गेटपाशी आहे, टाकीची झाकणं, झोपाळे आणि खांबांचे नंबर बघून लिहून काढायचेत, चारपाच जण आलात तर तासाभरात उरकेल.