फिल्टर ठीक, पण फटींचं काय?

अणुवीज प्रकल्पांच्या कंट्रोल रूमवरच्या लेखातलं "चारकोल फिल्टर असला की कंट्रोल रूम सेफ" हे वाक्य काही पटलं नाही. हा कोळशाचा फिल्टर हवेतलं किरणोत्सारी आयोडीन धरतो, पण खरा घोळ फिल्टरला वळसा घालून शिरणाऱ्या हवेचा असतो, केबलची भोकं, दाराची रबरं, डक्टचे सांधे... अमेरिकेत ट्रेसर गॅस (हवा किती शिरते ते कळायला सोडलेला खुणेचा वायू) सोडून मोजलं तर बऱ्याच प्लांटमधे गळती गृहीत धरलेल्यापेक्षा जास्त निघाली, २००३ मधे एनआरसीने (तिथली अणुऊर्जा नियामक संस्था) सगळ्या प्लांटना पत्रच धाडलं. मी केमिकल कंपनीत एसीचं बघतो, नवीन केबल ओढल्यावर भोक परत सील करायचं कुणाच्याच लक्षात नसतं.

आणि जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११ च्या अणुअपघाताचा उल्लेखच नाही? तिथे वीजच गेली, व्हेंटिलेशन बंद, दोन ऑपरेटरना ६०० मिलिसिव्हर्टच्या वर किरणोत्साराचा डोस बसला, त्यातला बहुतेक शरीरात गेलेल्या आयोडीनचा. फिल्टरच्या पंख्याला तेव्हा वीज कुठून येणार, ते लिहा की आधी.