खाण म्हणजे विहीर नव्हे
आमच्या जतच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'उघड्या कोळसा खाणींनी विदर्भ उकरून काढला. खड्डा खोल गेला की तळातून आडवं शिरायचं, विहिरीत आडवं बोअर मारतो तसं. वरची शेती शाबूत. पण कंपन्यांना ते करायचंच नाही!'

यातलं थोडं खरं आहे. कोळशाचा थर तिरपा खाली जातो, तसा टनामागे उपसायचा दगड-मुरूम वाढत जातो आणि एका खोलीनंतर तो परवडत नाही. खड्ड्याच्या भिंतीतून भुयारात शिरताही येतं.

पण बोअरचं उदाहरण साफ चुकलं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत मशीन दोरखंडाने उतरवलं, मनगट जाईल एवढी चार भोकं मारली. (पाणी एकालाच लागलं, तो विषय वेगळा.) आपला काळा पाषाण टेकूशिवाय उभा राहतो आणि त्या भोकात माणूस जात नाही. खाणीत जातो. तिथे छताला बोल्ट मारावे लागतात, मिथेन साचू नये म्हणून पंख्याने हवा खेळवावी लागते, बाहेर पडायला दोन वाटा लागतात.

शेती शाबूत? कोळशाचेच खांब आत उभे ठेवले तर बहुतेक राहते, पण निम्म्याहून जास्त कोळसा त्या खांबांतच अडकतो. खांब काढले की छत बसतं, मागोमाग वरची जमीनही खचते.

'खड्डा खोल गेला की' हे सगळ्यात घातक. उघड्या खाणीत उपसलेली माती मागे त्याच खड्ड्यात भरत जातात. ज्या भिंतीतून शिरायचं तीच गाडली गेली, किंवा सुरुंगांनी खिळखिळी झाली, तर तोंड कुठे पाडणार? शिवाय खड्ड्यात पावसाचं पाणी तुंबतं. ते आणि भुयार यांच्यामध्ये जाड कोळसा न काढता सोडावा लागतो. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला खाणीत वरचं साठलेलं पाणी घुसलं आणि ३७५ कामगार गेले. म्हणून भुयाराचा आराखडा खड्डा चालू असतानाच, काही वर्षं आधी लागतो.

'करायचंच नाही' म्हणावं तर नागपूर जिल्ह्यात सावनेरला भूमिगत खाणी आहेत. मात्र देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा उघड्या खाणींतूनच येतो, कारण तो स्वस्त पडतो. ही तक्रार रास्तच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या कोळसापट्ट्यात कुणाचे पाहुणे असतील तर त्यांना सांगा, जनसुनावणीत एवढंच विचारा: कोणती भिंत मोकळी ठेवणार, आणि पाणी कुठे काढणार?