घरचा सर्व्हर, जवळपास फुकट

जुना कॉम्प्युटर चालू असेपर्यंत टाकवत नाही, आणि टाकायचं ठरवलं की तो कधी नव्हे इतक्या उत्साहाने सुरू होतो. घरगुती नॅसची, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली एका जागी साठवणाऱ्या सर्व्हरची, कल्पना बहुधा अशाच वस्तूंची सोय लावण्यासाठी निघाली असावी. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा, त्यात हार्डडिस्क भरायच्या, तो राउटरला जोडायचा आणि घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपांनी आपापला बॅकअप त्याच्या गळ्यात घालायचा. दरमहा कुणाला भाडं नाही. कॉम्प्युटर घरचा, सॉफ्टवेअर फुकट, खर्च काय तो डिस्कचा. हा हिशोब मी बायकोला कागदावर मांडून दाखवला. तिने तो कागद घडी घालून जपून ठेवला. मला त्या वेळी ते कौतुक वाटलं.

फुकट सॉफ्टवेअरचेही नखरे असतात. नॅस चालवणाऱ्या ट्रूनॅसची अट अशी, की किमान ८ जीबी रॅम असेल तरच पुढचं बोलू. आमच्याकडे ४. मग डेबियन लिनक्सवर चालणारं, त्याच कामाचं ओपनमीडियाव्हॉल्ट आणलं. ते गरिबाघरी नांदतं.

डिस्क आणल्या दोन, प्रत्येकी २ टेराबाइटच्या. दोन अशासाठी, की एकीवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीवरही लिहिलं जावं, आणि एक गेली तरी दुसरी असावी. या प्रकाराला आरसा म्हणतात, आणि अशा डिस्क-जोडणीला रेड. १९८८ साली बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी निबंध लिहून सुचवलं होतं, की एका अवाढव्य महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा ताफा वापरा. स्वस्त या शब्दावर माझा फार जीव. तर, दोन्ही डिस्क बसवल्या, आरसा मांडला आणि पडद्यावर एकूण जागा आली १.८१. डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, हे मला ठाऊक होतं. पण बायकोला हे समजावताना माझ्या तोंडून निघालेलं वाक्य होतं, "दोन आणि दोन मिळून एक पूर्णांक एक्क्याऐंशी." तिने तो कागद काढला, खाली काहीतरी लिहिलं आणि पुन्हा घडी घातली.

त्यानंतर डेटा भरायला घेतला. वेग आला सेकंदाला ११ मेगाबाइट. या वेगाने एक टेराबाइट जायला पंचवीस तास लागतात. सगळ्यांवर संशय घेऊन झाला: डिस्क, राउटर, सेटिंग, मदरबोर्ड. शेवटी दोषी निघाली लॅन केबल. या केबलमध्ये आठ तारा असतात आणि गिगाबिटला, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटच्या वेगाला, आठही लागतात. त्यातल्या ठरावीक चारांपैकी एखादी तुटली की केबल चक्क चारांवर भागवते आणि १०० मेगाबिटवर उतरते. बंद पडत नाही, लाल दिवा लावत नाही, काही नाही. सरळ मेली असती तर मिनिटात सापडली असती. ही आपली हसतमुखाने दहापट हळू काम करत राहिली. नवी केबल लावल्यावर वेग ११० वर गेला आणि पंचवीस तासांचं काम अडीच तासांवर आलं. सगळ्या प्रकल्पातली सर्वात स्वस्त वस्तू ती.

पण खरा घाम डेटानेच काढला. बॅकअप घ्यायचा म्हणजे आधी आपल्याकडे आहे काय ते बघावं लागतं, आणि ते कुणीही बघू नये. माझ्या लॅपटॉपवर 'जुना लॅपटॉप' नावाचं फोल्डर होतं. ते उघडलं तर आत 'जुना लॅपटॉप'. त्याच्या आत 'ऑफिसचा पीसी', त्यात 'पेनड्राइव्ह', त्यात 'पेनड्राइव्ह नवा', जो आधीच्यापेक्षा जुना होता. प्रत्येक वेळी मशीन बदलताना नंतर निवांत लावू म्हणून सगळं उचलून आत कोंबलेलं. उत्खननासारखा थराथराने उतरत गेलो. तळाशी 'असंच' नावाचं फोल्डर आणि त्यात एकच फोटो: कुणाच्या तरी अंगठ्याचा, तोही हललेला. सारख्या फायली शोधणाऱ्या प्रोग्रामने सांगितलं की हा अंगठा आपल्याकडे इतर ठिकाणीही आहे. "पुसू का?" मी विचारलं. "थांब," बायको म्हणाली, "कुणाचा आहे ते तर कळू दे." अंगठा दोन्ही डिस्कवर सुरक्षित आहे.

आरशाची खोड मग मुलीने दाखवून दिली. फोनमधली जागा रिकामी करताना तिने सर्व्हरवरचं अख्खं फोल्डर उडवलं. पहिल्या डिस्कवरून गेलं ते गेलंच, दुसरीवरूनही त्याच क्षणी गेलं. आरशासमोर उभं राहून मिशी काढली तर आरशातली मिशी कशी राहील? रेड म्हणजे बॅकअप नव्हे, असं या विषयातले लोक उठताबसता म्हणतात ते याचमुळे. डिस्क मेली तर रेड वाचवतं. माणूस चुकला तर ती चूक तत्परतेने दोन ठिकाणी नोंदवतं. फोल्डर मुलीच्या जुन्या फोनवर मिळालं, म्हणजे ज्याच्या काळजीने एवढा सर्व्हर उभा केला त्यानेच सर्व्हरला सांभाळून घेतलं.

मोठमोठ्यांचंही तेच होतं, हा एक दिलासा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एकाने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपचे पाच मार्ग होते, आणि एकही धड चालत नव्हता. तारलं ते सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने हाताने घेतलेल्या प्रतीने. हा किस्सा मी जेवताना मोठ्या आवेशाने सांगितला. सगळं ऐकून घेतल्यावर बायकोने विचारलं, "डिस्कची वॉरंटी आहे ना? बिल कुठंय?"

बिल मी स्कॅन करून ठेवलं होतं. सर्व्हरवर.

तिने घडी उघडली. कागदावर आता वीजही आली होती: ४० वॅटचा डबा वर्षभर चालू म्हणजे ३५० युनिट. त्याखाली यूपीएस. त्याखाली 'रात्रीचा आवाज' असं लिहून पुढची जागा कोरी सोडलेली, कारण डिस्क रात्री कुरकुरतात त्याचा दर तिला अजून ठरवता आलेला नाही.

जाणकारांचं सूत्र आहे ३-२-१: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आग, चोरी, पाणी यांना आपल्या रेडबद्दल काहीही आदर नसतो. घराबाहेर म्हणजे कुठे, तर मेहुण्याकडे. फोन केला. एवढ्या तांत्रिक गोष्टीला तो हो म्हणेल असं वाटलं नव्हतं, पण भलताच खूश झाला. "भावजी, अगदी वेळेवर फोन केलात! तुमची प्रत माझ्याकडे, माझी तुमच्याकडे. फिट्टंफाट."

मी आनंदाने कबूल झालो. मग विचारलं, "तुझा डेटा साधारण किती?"

"फार नाही हो," तो म्हणाला, "साडेतीन टेराबाइट."