घर गहाण ठेवण्याची योग्य पद्धत

स्वतंत्र मराठी चित्रपटनिर्माता होण्याचा संकल्प आपण सोडला असेल, तर मनःपूर्वक अभिनंदन. संकल्प सोडताना हातावर घेतलेले पाणी पुढे कशाकशावर सोडायचे असते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम घराची कागदपत्रे कपाटातून काढून ठेवावीत. पत्नीने हरकत घेतल्यास दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण द्यावे: त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शिवाय साऱ्या युनिटचा स्वयंपाकही केला, आणि म्हणून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. ज्या राजाने सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र गमावले, त्याच्याच कथेने या धंद्याचा मुहूर्त झाला, हा योगायोग मात्र सासुरवाडीच्या लक्षात येऊ देऊ नये.

पैसे कमी असल्यामुळे कथा ग्रामीण निवडावी. खेडे स्वस्त पडते, असा शहरातल्या निर्मात्यांचा पिढीजात समज आहे. पटकथेत एक बैल असतोच. हा बैल वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर दोन मिनिटे पाणी पिणार असला, तरी त्यासाठी हरियाणातील बल्लभगड येथे कार्यालय असलेल्या प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणापूर्वी घ्यावी लागते आणि सेन्सॉरकडे जाण्यापूर्वी ना-हरकत प्रमाणपत्रही मिळवावे लागते. बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला यासाठी जोडतात. निर्मात्याच्या प्रकृतीचा दाखला कोणीही मागत नाही.

चित्रीकरणाच्या दिवसांत आपले मुख्य कर्तव्य म्हणजे फोन न उचलणे. पहाटे पाच वाजता जनरेटरवाला डिझेलचे पैसे हातात पडल्याशिवाय गाडी हलवणार नाही. त्याच वेळी दिग्दर्शकाला धुके हवे असेल, आणि धुके आपल्या अंदाजपत्रकात नसूनही नेमके त्याच दिवशी फुकट पडलेले असेल. अशा प्रसंगी स्वतःची मोटरसायकल जनरेटरवाल्याकडे तारण ठेवावी. कलावंतांना मानधनाऐवजी ‘पुढच्या चित्रपटात नक्की’ हे वाक्य द्यावे. ते त्यांनी आधी ऐकलेले असते, त्यामुळे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

शासकीय अनुदान आहेच. ते दर्जानुसार मिळते, आणि त्यासाठीचा अर्ज चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर प्रमाणपत्र हाती आल्यावर करता येतो. म्हणजेच चित्रपट काढण्यासाठी जे पैसे लागतात, ते चित्रपट काढून झाल्यावर मिळण्याची शक्यता निर्माण होते. तोपर्यंत व्याज चालू राहील, पण व्याजाला दर्जा लागत नाही.

प्रदर्शनासाठी शुक्रवार मिळेल आणि त्यात एखादा सकाळी साडेदहाचा शो, तोही अशा उपनगरात जेथे आपले कोणीही राहत नाही. मावशी, दोन्ही मेहुणे आणि सोसायटीचे सचिव रिक्षाने आणावेत. खिडकीवरचा मुलगा नम्रपणे म्हणेल, “सर, चारच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल करावा लागेल.” या क्षणी डगमगू नये. पाकीट काढून आपल्याच चित्रपटाची आणखी सहा तिकिटे घ्यावीत, आत जाऊन मधल्या रांगेत एकटे बसावे, आणि सायंकाळच्या पोस्टरवर ‘प्रेक्षकांच्या उदंड प्रतिसादात’ असे छापण्यास निःशंक मनाने परवानगी द्यावी. बाहेर पडताना पार्किंगची पावती तेवढी जपून ठेवावी. ती निर्मितीखर्चात दाखवता येते.